पाठ लाल होत नाही

हलू नका म्हटलं ना — हलू नका, नाणं घसरतंय. तेल भरपूर लावलंय, दुखायचं कारण नाही, आणि दुखलं तर दुखू दे थोडं, अंगात शिरलेला वारा काय गोंजारून बाहेर निघतो? उशीत तोंड घाला आणि पडून राहा निवांत. मी बोलते, तुम्ही ऐका. माझ्या हाताखाली सगळ्या बायका गप्पच असतात, पालथं पडल्यावर बोलणार काय, कप्पाळ! — काय म्हणालात? हो हो, बोलावलं नव्हतंत तुम्ही, माहितीये मला. इकडूनच चालले होते. कोपऱ्यावरून तुमचं फाटक दिसलं, म्हटलं आपल्या बाईंना, इबू युस्मानियारांना, मागच्या खेपेला खोकला होता, बघून जावं कसा आहे. जरा वाट वाकडी केली, एवढंच. ह्या मेल्या धुरातून चालत आलेय, मास्क बघा कसा काळा पडलाय — नका बघू, पडून राहा. तिकडे रानं जळतायत आणि इकडे जांबी शहरातली माणसं भाजलेल्या रताळ्यासारखी धुरकटलीयत. पुलाजवळच्या रबराच्या कारखान्याचा वाससुद्धा येईनासा झालाय, म्हणजे बघा! आणि — ती पेटी तेवढी बंद करू का? ती हो, कोपऱ्यातली, हवा शुद्ध करते म्हणता ती, निळा दिवा चमकतोय ती. माझा घसा खवखवतो तिनं. नको? बरं, राहिलं. तुमचं घर, तुमची पेटी.

एक सांगू का, रागावणार नसाल तर? तुमची पाठ लाल होत नाहीये. अहो, खरंच सांगतेय. वारा शिरलेला असला ना, की नाण्याची एक रेघ ओढली की कातडी कशी जांभळी-लाल उठते, जांभळाचा रस सांडल्यागत. तुमची डावी बाजू पुरी झाली — फिकट. सगळ्या रेघा फिकट. घासून घासून माझा अंगठा सुजला पण तुमची पाठ आपली गोरी ती गोरीच. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं, तेव्हा बोलले नाही, म्हटलं आपला हात म्हातारा झाला असेल. पण हात नाही म्हातारा झाला, इबू. तुमच्यात वाराच नाहीये. मग हा खोकला कसला? छातीत टोचतं म्हणालात, डोळे चुरचुरतात म्हणालात, ते कसलं? सगळ्या गावाला एकच वेड लागलंय — खोकला आला, वारा शिरला. डोकं दुखलं, वारा शिरला. मग लावा दारं, कोंबा फटीत चिंध्या, चोळा तेल, बोलवा म्हातारीला नाणं घेऊन! आणि मी मेली जातेय घरोघर. मीच सांगत फिरत होते की दारं लावा म्हणून, दुसरं कोण सांगणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घसा जळतोय आत, आणि मी घासतेय पाठ.

आता ही पेटी. नाही, ऐका तर. मी काही तुमच्या धंद्याला नजर लावत नाहीये. बाहेरच्या खोलीत ह्याच पेट्यांची खोकी रचून ठेवलीयत ती मी पाहिली, सगळी विकली जावोत, मला आनंदच आहे. पण तुम्ही बायकांना काय सांगता? — वीज पडून गेल्यावर हवेला कसा ताजा वास येतो, तोच हा वास, म्हणजे हवा धुतली गेली. ओझोन का काय ते नाव. मी होते की तुमच्या त्या विक्रीच्या बैठकीला, कोपऱ्यात चहा पीत बसले होते. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अहो, वीज पडते बाहेर, रानात, आभाळाखाली. वीज कुणी खोलीत कोंडून उशाशी घेऊन झोपतं का? आणि माझी ती तेलाची बाटली — मागच्या खेपेला इथे विसरले होते, त्या फळीवर, पेटीच्या शेजारी. बुचाला रबर गुंडाळलेलं होतं, नवं कोरं, क्रुपुकच्या, त्या तळलेल्या पापडांच्या पुडीचं. आज बाटली उचलली तर रबर हातात तुकडे होऊन आलं. सगळीकडून चिरा, जुन्या टाचेला पडतात तशा. आता मला रबराचं सांगू नका, आमच्या ह्यांनी सारा जन्म रबराच्या झाडांना चिरा मारण्यात घालवला, माझ्या लुगड्यांनासुद्धा त्या चिकाचा वास मरेपर्यंत राहणार आहे. रबर उन्हात राहतं, पावसात राहतं, वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या खोलीत महिनाभर नाही राहिलं. रबराची ही दशा, तर माणसाच्या छातीत काय रबरापेक्षा भारी माल भरलाय का?

माहितीये, माहितीये, मी अडाणी. नाणं घासणाऱ्या बाईनं नाणं घासावं. आमची यातीही हेच म्हणते — नुरयाती हो, माझी लेक, तुमच्याकडे बैठकीला येते ती, तुमच्याकडूनच तर पेटी घेतली तिनं. कौतुक आहे तिला तुमचं. इबू युस असं म्हणाल्या, इबू युस तसं म्हणाल्या. आमचं रोज बोलणं होतं ना, त्यामुळे कळतं सगळं. तिची पोर किनांती आता शाळेत जायच्या वयाची झाली, पण शाळा कुठली या धुरात. तिला धाप लागते, जन्मापासूनच. धूर आला की पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा आत-बाहेर होतात. म्हणून तर यातीनं पेटी घेतली. लेकरासाठीच घेतली हो, हौसेखातर नाही. पोरीच्या उशाशी ठेवली, दारं-खिडक्या लावल्या, चिंध्या कोंबल्या — त्या चिंध्या मीच फाडून दिल्या होत्या — आणि झालं काय? धाप वाढली. यातीनं पेटीचं बटण मोठ्यावर केलं. आणखी वाढली. मग मला म्हणाली, आई, वारा शिरलाय, नाणं फिरव. एवढीशी पाठ ती, पापडाएवढी. फिरवलं हलक्या हातानं. लाल नाही झाली.

मी आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं. तिथली नर्स, दात दाखवून हसते ती, ती म्हणाली, आजी, पेटीला आत जाळी आहे का? जाळी असेल आणि ती काळी पडत असेल तर चांगली, धूर तिथे अडकतो. म्हटलं जाळी नाही, नुसता निळा दिवा आणि वास. तर तिचं हसू गेलं. म्हणाली, त्या वासानंच धाप उठते, आजच्या आज बंद करा. आता सांगा, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? माझा मास्क काळा होतो कारण धूर त्याला चिकटतो. तुमची पेटी दिवसभर धुरात बसून आतून लख्ख — मग धूर गेला कुठे? कुठेच नाही गेला. तो आहे तिथेच आहे आणि वर हा वास. आगीतून फुफाट्यात. पण याती ऐकेल तर शप्पथ! म्हणे, नर्सला काय कळतं, इबू युस शिकलेल्या आहेत, त्यांच्या स्वतःच्या रायहानच्या उशाशी हीच पेटी आहे, त्या काय आपल्या पोराला विष देतील?

इथेच सगळं बिनसलं. मी — म्हणजे — जाऊ दे ना. नाही, जाऊ दे. — बरं, ऐका. ती कामावर गेली होती, मी आणि पोर दोघीच घरात. तो वास नाकात भरला, पोर धापा टाकतेय, माझं डोकंच फिरलं. पेटीची वायर ओढली आणि खिडकी उघडली खाडकन. सताड उघडली! आणि बाहेर काय होतं? बाहेर हा धूर, पिवळा पिवळा, समोरचं केळीचं झाड दिसत नव्हतं. घेतला की पोरीनं छातीभरून. ओठ निळे पडले तिचे. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून नेली दवाखान्यात, तोंडाला वाफेची नळी लावली तेव्हा कुठे... जगली हो, जगली. लागलं का नाणं? माफ करा. पेटी बंद केली ते बरोबर होतं, खिडकी उघडली ते चुकलं, पण यातीला दोन्ही एकच. म्हणाली, पेटी होती तोवर पोर बरी होती, तू मारलं असतंस तिला. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस म्हणाली. पोटची पोर! आपलंच नाणं खोटं म्हणायचं, दुसऱ्याला काय बोल लावू. रोज बोलणं होतं म्हटलं ना मघाशी? कसलं बोलणं आणि काय. फोन उचलत नाही. दार उघडत नाही. मी कुंपणापाशी उभी राहते आणि आतून खोकला ऐकू येतो.

म्हणून आले, इबू. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वाट वाकडी केली नाही मी, घरून निघाले ती इथेच यायला. म्हटलं, पाठ चोळता चोळता हळूच सांगावं, तुमच्या गळी उतरवावं. तुम्ही एक शब्द म्हणालात तर याती ऐकेल. मला वाटलं तुम्हाला माहीतच नाही. भोळ्या आहात, कंपनीनं सांगितलं ते तुम्ही सांगताय.

पण मघाशी, तेल लावायच्या आधी, मी हात धुवायला आत गेले ना — उठू नका. उठू नका म्हणतेय. रायहानच्या खोलीचं दार उघडं होतं. छान झोपलाय पोर. छाती कशी मोकळी चाललीय, खोकला नाही, घरघर नाही. आणि त्याच्या टेबलावरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन आहे. पेटीएवढाच. पेटी नाही तिथे. खिडकीशी दुसरंच मशीन लावलंय, पांढरं, आणि त्याची जाळी कोळशासारखी काळी कुळकुळीत.

आता काही बोलू नका. मी ओरडणार नाही, पोर उठेल. पण तुम्हाला माहीत होतं. तुमच्या लेकराच्या उशाशी नको झाली ती पेटी आणि माझ्या नातीच्या उशाशी चालते? ही इथली कशाला चालू ठेवलीय मग, स्वतः खोकत? दाखवायला! गिऱ्हाईक आलं तर निळा दिवा विझलेला दिसायला नको! — काय? पुढच्या बैठकीत सांगणार होतात सगळ्यांना? अहो, पुढची बैठक धूर ओसरल्यावर. तोवर किनांती काय श्वास धरून बसेल? — कंपनी खोकी परत घेत नाही, तो तुमचा प्रश्न, तुमच्या मालकांचा प्रश्न, मला नका सांगू. तुम्ही रडा हवं तर. मीही रडले असते, पण घरून निघतानाच रडून आलेय.

यातीला फोन करा. आत्ता. पैसे नकोत मला आजचे, उद्याचे, कधीचेच. उजवी बाजू राहू दे तशीच. अर्धी पाठ घासून उठू नये, वारा वाकडा जातो म्हणतात — वाराच नाही तर वाकडा कुठून जाणार! पोलकं नीट करा, हे घ्या, फोन घ्या. आज शुक्रवार, दुपारची ती घरीच असते. पेटी नुसती बंद करू नको, वायर काढ म्हणावं, घराबाहेर ठेव. आणि खिडकी लगेच उघडू नको, हेही सांगा, माझं नाव न घेता सांगा. पोरीला उचलून थेट आरोग्य केंद्रात ने म्हणावं. आणि ते पांढरं मशीन — ते कुठून आणायचं तेही सांगा, लपवू नका आता. हवं तर रायहानच्या खोलीत काय बघितलं ते मी कुणाला सांगणार नाही. शपथ. तुमची अब्रू तुमच्यापाशी, मला माझी पोर द्या.

लावलात? वाजतोय? तो आवाज जरा मोठा करा — नको, नको, राहू दे, तिला कळेल. — उचलला? उचलला. — मागून येतोय तो... किनांती ना ती? किनांतीच खोकतेय. बाई गं. — बोला ना, इबू, थांबू नका, बोला. — सांगितलंत. हां. हो, असंच. — काय म्हणतेय? काय विचारतेय ती? आई आहे का तिथे, असं विचारतेय? आईनंच पढवलं का तुम्हाला?

नाही म्हणा. नाही म्हणून सांगा, इबू. कित्येक दिवसांत फिरकलीसुद्धा नाही म्हणावं ती म्हातारी. मी नाहीये इथे. ही बघा, गप्प बसले.