लंगड्या खुर्चीचा वर्ग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त आणि विभागप्रमुख, माझे सहकारी, कार्यालयातली, ग्रंथालयातली आणि वर्कशॉपमधली मंडळी, आणि मागच्या दाराजवळ उभे असलेले, वक्त्याची नजर खाली गेली की सटकायच्या बेतात असलेले विद्यार्थी मित्रहो,

सगळ्यांना माझा नमस्कार. दाराजवळच्यांना जरा विशेष, कारण आयुष्यभर मी तुमच्याकडे बघूनच शिकवलं आहे.

आत्ता माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते ऐकताना पहिल्या रांगेतले आमचे हे सारखे इकडेतिकडे बघत होते. नेमकं कोणत्या बाईंबद्दल चाललंय, असा त्यांचा चेहरा होता. एका वक्त्यांनी तर मला विद्यार्थिप्रिय म्हटलं. अहो, कशाला? मी या कॉलेजात चित्र काढायला शिकवते, आणि ज्यांचं चित्राशी काही देणंघेणं नाही अशांनाच शिकवते. हिशेब शिकणारी मुलं, रसायन शिकणारी, यंत्रं शिकणारी, कायदा शिकणारी. पहिल्या वर्षी सगळ्यांना माझा तास सक्तीचा, आणि त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. म्हणून मुलं मला ‘सक्तीच्या बाई’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण आपल्या जिन्यात आवाज फार घुमतो. एक वर्ष सोडलं तर मला आजवर कुणी हौसेनं निवडलेलं नाही. लग्न जमवतानासुद्धा निदान दोन्हीकडची पसंती विचारतात.

तर सोमवारी सकाळी वर्गात शिरायचं आणि कपाळाला आठ्या घातलेल्या ऐंशी-नव्वद पोरांसमोर उभं राहायचं, असं माझं आयुष्य गेलं. दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारणारच, “बाई, याचा आम्हाला पुढे उपयोग काय?” तरुण होते तेव्हा मी तावातावानं उत्तर द्यायची. नजर तयार होते, मन विशाल होतं, वगैरे. ऐकताना मुलांपेक्षा मलाच जास्त बरं वाटायचं. अलीकडे मी म्हणते, “मला ठाऊक नाही. पेन्सिल काढ.” यात तुम्हाला विनोद वाटेल. मी थकले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुद्द्यावर येते, कारण तुम्ही सगळे त्यासाठीच थांबला आहात. निदान निम्मे तरी. बाकीचे चहासाठी.

माझा विषय ऐच्छिक करावा, असा प्रस्ताव प्राचार्यांनी आणला आहे. ज्याला आवड आहे तो येईल, बाकीच्यांनी आपापल्या विषयात डोकं घालावं. समितीत निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि घोडं तिथेच अडलं. तेव्हा प्राचार्य मोठ्या मनानं म्हणाले, “शेवटचा शब्द बाईंचा.” उद्या बैठक आहे. इतके दिवस मी वेळ मारून नेली. जिन्यात कुणी विचारलं की मला हटकून गुडघा दुखल्याचं आठवायचं.

प्रस्तावात काही वावगं आहे का? मुळीच नाही. परीक्षेच्या आधी माझ्या दाराशी पोरं रडवेली होऊन उभी राहतात. “बाई, मुख्य विषयाचा अभ्यास सोडून मी खुर्ची काढत बसलोय.” त्यांना काय सांगणार? खुर्ची त्यांनी मागितली नव्हती. वय असं की घरच्यांची सगळी आशा एका विषयावर लागलेली, आणि मधेच मी.

शिवाय मी आज निवृत्त झाल्यावर माझ्या जागी येणारी आमची धाकटी सहकारी. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता माझ्याकडे बघत नाहीये. काल स्टाफरूममध्ये दोघीच होतो. ती म्हणाली, “बाई, ऐच्छिक होऊ द्या ना. दहाच जण आले तरी चालतील, पण ते माझ्याकडे बघतील तरी. मला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये.” म्हणाली आणि जीभ चावली. मी म्हटलं, “अगं, बरोबर बोललीस. मलाही व्हायचं नव्हतं.” मग दोघीही हसलो. तिचे डोळे भरले होते. माझे भरले नाहीत, माझी ती सवय गेली आहे.

मनाला विचाराल तर मी कालच तिला हो म्हणून टाकलं असतं. पण ती खुर्ची आडवी आली.

नव्या मंडळींसाठी सांगते. माझ्या वर्गात मधोमध एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली असते. सगळे भोवती गोल करून बसतात आणि सत्रभर तीच खुर्ची काढतात, प्रत्येकजण आपापल्या जागेवरून. शेवटी सगळी चित्रं बसल्या क्रमानं भिंतीवर लावायची. मग भिंतीच्या कडेनं चालत गेलं की खुर्चीभोवती एक फेरी पूर्ण होते. माझं सगळं शिकवणं काय ते एवढंच.

मी नवी होते तेव्हा हिशेब शिकणारा एक मुलगा वर्गात होता. दाराला खेटून बसायचा, म्हणजे सुटायला सोपं. खुर्चीची पाठ त्याच्याकडे, उजेड नाही, आणि तोंड असं की याला मीच दाराशी बांधून ठेवलंय. त्यानं मागचा एक पाय आखूड काढला. मी म्हटलं, “पाय नीट काढ.” तो वैतागून म्हणाला, “नीटच काढलाय बाई. तो आखूडच आहे, मी काय करू?” मी म्हटलं, “खुर्चीला असा पाय असतो का?” तर म्हणाला, “ते मला ठाऊक नाही. इथून तसाच दिसतोय.” मी उठून त्याच्या जागी जाऊन वाकले. खरंच तो पाय जमिनीपासून बोटभर वर होता! खिडकीच्या बाजूनं तो पुढच्या पायाआड जातो. ती खुर्ची मी स्वतः निवडून आणली होती आणि रोज तिच्यासमोर उभी राहत होते. मग चांगल्या उजेडात बसून सुरेख चित्रं काढणाऱ्या सगळ्यांना मी उठवलं आणि दाराशी आणून वाकायला लावलं. तेव्हापासून ती खुर्ची मी दुरुस्त होऊ दिली नाही.

त्या मुलाला पुढे चित्रकलेची गोडी वगैरे लागली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. छे! काठावर पास झाला आणि पुन्हा फिरकला नाही. नाव सांगत नाही, पण आज ते अध्यक्षस्थानी बसले आहेत. सर, हसू नका. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतंय.

त्यानंतर काही वर्षांनी वेळापत्रक लावताना कार्यालयात गोंधळ झाला आणि माझा विषय वर्षभरासाठी ऐच्छिकांत जाऊन पडला. मोजकीच मुलं आली, पण काय मुलं होती! वेळेच्या आधी हजर, पेन्सिली टोकदार, उपयोग काय म्हणून कुणी विचारलं नाही. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत सुखाचं वर्ष, हे मी आज उघड सांगते. घरी जाऊन मी यांना गाणं म्हणून दाखवायची. विचारा त्यांना, त्यांनी ते सहन केलं आहे.

सत्र संपलं, चित्रं भिंतीवर लावली. एकापेक्षा एक. मी कडेनं चालू लागले आणि निम्म्यात भिंत कोरी झाली. सगळी खिडकीकडेच बसली होती. ज्याला चित्र कळतं तो चांगला उजेडच शोधणार, त्यांचं काय चुकलं? दाराकडून बघायला कुणी नव्हतंच. त्या वर्षीच्या एकाही चित्रात खुर्ची लंगडी नव्हती. मी बराच वेळ त्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहिले. मला रडू आलं. तेव्हा ती सवय अजून होती.

सर, तुमचा प्रस्ताव म्हणतो, ज्याला यायचं तो येईल. खरं आहे. पण तुम्ही आला नसता. मला तुमच्यासारखा, दाराशी तोंड वाकडं करून बसलेला मुलगा वर्गात हवा आहे. त्याला माझा काय उपयोग, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचा आम्हा सगळ्यांना उपयोग झाला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हिशेबाच्या वर्गातही चित्र काढणारी एखादी मुलगी कंटाळून दाराशी बसलेली असावी, असं मला वाटतं. तिथे काय आखूड आहे ते तिला दिसेल.

तेव्हा माझा शब्द असा, की सक्ती राहू द्या. उद्याच्या बैठकीत हाच नोंदवा.

आणि तू, तिसऱ्या रांगेतली. माझ्यावर रागव, तो तुझा हक्क आहे. तुला ते आंबट चेहरे मी जाणूनबुजून देऊन चालले आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतंय. एकच सांगते, खिडकीकडच्यांवर खूश होऊन बसू नकोस. अधूनमधून दाराशी जाऊन वाकत जा. गुडघे अजून चांगले आहेत तुझे.

हा समारंभ ज्यांनी घडवून आणला, ज्यांनी फुलं आणली, माइक लावला, आणि ज्यांनी माझ्याविषयी न घडलेल्या गोष्टी इतक्या प्रेमानं सांगितल्या, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. दमलेल्या माणसाची जीभ सैल सुटते. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला.

एक राहिलंच. आज मला बसायला मुद्दाम वर्गातली तीच खुर्ची इथे आणली, पॉलिश करून. मी मघापासून तिच्यावर बसले होते आणि काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. ती डुगडुगत नाहीये! वर्कशॉपमधल्या आपल्या सुतारमामांनी आखूड पायाला तुकडा जोडला आहे. बाई पडू नयेत म्हणून. मामा, काम इतकं सफाईदार आहे की जोड शोधायला मला खाली वाकावं लागलं. तुमची माया मला पोचली.

पण सोमवारी नवी मुलं येतील. त्याच्या आत तेवढा तो तुकडा काढून टाका.