पाळण्याकडे तोंड करून

लेक : म्हणजे बारा वाजता चकत्यांच्या कारखान्यातून फोन आला की तुमच्या जुन्या रेकॉर्डी कशावर काढायच्या म्हणून मी सांगायचं, ते अजून ठरलेलंच नाही. त्या माणसाला एकच शब्द हवाय. डीव्हीडी की सुपर सीडी?

बाबा : सुपर सीडी.

आत्या : डीव्हीडी.

लेक : आत्या, काल तू सुपर सीडी म्हणत होतीस!

आत्या : काल मला ठाऊक नव्हतं, डीव्हीडीत मी पुढे येऊ शकते म्हणून.

बाबा : ताई, पुढे-मागे हा मुद्दाच नाही. मुद्दा आवाजाचा आहे.

आत्या : आवाज कुणाचा? माझा! अठ्ठावीस वर्षं तो लोकांच्या पाठीमागून येतोय. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधोमध ऐकणाऱ्याची खुर्ची. समोर कोण? व्हायोलिनवाले. आणि जिच्या नावाची रेकॉर्ड, ती बाई खुर्चीच्या मागे. बसमधल्या कंडक्टरसारखी!

लेक : ठमे, नाही हं, ते तोंडात नाही. बाबा, हिच्या हातात नमुन्याची चकती कोणी दिली?

बाबा : दात येतायत माझ्या नातीला. गार लागते.

लेक : कारखान्याने दोन्हींचा एकेक नमुना पाठवलाय, आणि तुम्ही तो चघळायला देताय!

बाबा : डीव्हीडीचा दिला होता. तिने फेकला. सुपर सीडी घेतली. तिलाही कळतं.

आत्या : तिचं मत धरायचं नाही. ती तुझ्या बाजूची.

लेक : मी शेवटचं सांगते, मग माझ्यात त्राण नाही. रात्री चारदा उठलेय. सुपर सीडीला दोन थर. साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली तर दोन स्पीकरांचं गाणं वाजतं, खास प्लेअर असला तर चारही कोपरे बोलतात. पण तुमच्या दोन्ही रेकॉर्डी एकत्र घातल्या की ती काठोकाठ भरते. बाबांनी आवाजांची जशी मांडणी केलीय तेवढीच मावते. डीव्हीडीत जागा आहे. बाबांची मांडणी मावेल, आणि आत्या समोर असलेली दुसरीही मावेल. पडद्यावर यादी येते, हवी ती निवडायची. आणि दोन्ही प्रकारच्या चकत्या काढण्याइतका आपला पसारा नाही. कुठलीतरी एक.

बाबा : पडद्यावर! म्हणजे गाणं ऐकायला आधी टीव्ही लावा. मग रिमोट शोधा. तो सोफ्याच्या खाली. ओणवं व्हा, काठीने ओढा. तोवर गाणं ऐकायची इच्छाच मरते.

आत्या : ज्याला मी समोर हवी असेन तो होईल ओणवा.

बाबा : आणि गाडीत? डीव्हीडी गाडीत वाजत नाही.

आत्या : गाडीत मी मागच्या सीटवर चालेन.

बाबा : ताई, ती मांडणी विचार करून केलेली आहे. आठवणीतलं माणूस मागूनच हाक मारतं. परीक्षणात छापून आलं होतं, ‘धाडस’ म्हणून. बावीस वर्षं दर जूनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या मुलांना तो तास घेतो मी. ‘पाठीमागचा आवाज’. मुलं उठून टाळ्या वाजवतात. आता त्याच्या शेजारी उलटी मांडणी छापली तर लोक म्हणतील, ही बरोबर मग ती काय?

आत्या : चूक.

बाबा : बघ! म्हणूनच नको.

आत्या : अरे, आठवणीतल्या बाईला एका गाण्याला चौदा टेक द्यावे लागत नाहीत. मी दिलेत. समोर उभी राहून.

लेक : पण तेव्हा ऐकलं तरी किती जणांनी हे असं?

बाबा : चार आवाज वेगळे करायला एक डबा लागायचा. तो सतरा जणांकडे होता.

आत्या : त्यातल्या नऊ जणांनी कंपनीला पत्रं लिहिली. ‘तुमच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात का, कृपया कळवावे.’

बाबा : अडाणी होते.

लेक : बाबा, त्यावरूनच एक विचारायचंय. पुस्तिकेसाठी फोटो शोधत होते. आईच्या कपाटात, एक्स-रेच्या पाकिटात हा सापडला.

बाबा : तो नको. हललाय.

लेक : तुम्ही अजून पाहिलाही नाहीत.

आत्या : आण बघू इकडे. चष्मा… डोक्यावरच आहे. अगं, ही हीच खोली! स्पीकर तेच. त्यांच्यावर कागद चिकटवलेत.

लेक : आईचं अक्षर. खिडकीकडच्या दोघांवर ‘पुढे डावा’, ‘पुढे उजवा’. या भिंतीकडच्या दोघांवर ‘मागे डावा’, ‘मागे उजवा’.

आत्या : आणि आमचा छोट्या मधोमध बसलाय… ‘पुढे’कडे पाठ करून!

बाबा : विश्रांती घेत होतो.

आत्या : दोन्ही हात बटणांवर ठेवून?

लेक : हात राहू दे. पाय बघ.

आत्या : पायाच्या अंगठ्याला दोरी. दोरी कुठे जाते… भिंतीपाशी. दोन स्पीकरांच्या मधे पाळणा. आणि पाळण्यात…

लेक : मी.

आत्या : छोट्या.

बाबा : खिडकीखाली वारा यायचा. पाळणा तिथे ठेवण्यासारखा नव्हता.

आत्या : मी पाळण्याचं नाही विचारत. हिची आई कुठे होती?

बाबा : टेलिफोन एक्स्चेंजला रात्रपाळी. सकाळी यायची, आतल्या खोलीत झोपायची. हा फोटोही तिनेच काढलाय, कामावरून आल्या आल्या. स्टुडिओत तेव्हा स्पीकर दोनच, म्हणून मी मिक्सिंग घरी आणलं. घरी ही. माझी पाठ दिसली की टाहो. तोंड दिसलं की गप्प. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवली.

लेक : आणि आत्याचा आवाज?

बाबा : समोर ठेवला. म्हणजे, माझ्या समोर. पाळण्याच्या दोन्ही बाजूंनी. व्हायोलिनं लावली की तू डोळे उघडायचीस. ताई गायला लागली की मिटायचीस. चौथ्या गाण्याला तर हमखास.

आत्या : चौथं. अरे, तेच ते चौदा टेकवालं!

बाबा : काम झालं की फक्त तारा फिरवायच्या होत्या. चार तारा, पाच मिनिटांचं काम. वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘टेप उतरवताना तारा फिरवणे.’

लेक : मग?

बाबा : टेप उतरवायच्या दिवशी तुझा पहिला दात आला.

आत्या : म्हणजे हिच्या एका दातापायी मी अठ्ठावीस वर्षं…

बाबा : दोन आले होते. खालचे.

लेक : आणि तुम्हाला कळलं कधी?

बाबा : रेकॉर्ड छापून आली तेव्हा. सांगणारच होतो. पण त्याच आठवड्यात ते परीक्षण आलं. ‘धाडस’.

आत्या : थांब. आणि दुसरी रेकॉर्ड? तेव्हा ही चालत होती. पाळणा माळ्यावर गेला होता. तरी मी मागेच!

बाबा : दुसरी मुद्दाम तशी केली.

आत्या : का पण?

बाबा : पहिली चुकून झालीय हे कळू नये म्हणून.

आत्या : धन्य आहे तुझी! मी इतकी वर्षं समजत होते, व्हायोलिनवाल्यांनी तुला फितवलंय. त्यातल्या एकाशी मी आजतागायत बोलत नाही!

लेक : बाबा, पण सांगायचं ना. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

बाबा : कुणाला सांगणार? स्टुडिओतल्या माणसांना? की पायाने पोर झोपवत हाताने मिक्सिंग केलं? दुसऱ्या दिवसापासून मला दाई म्हणाले असते. आणि आता फोटो छापलास की ती वर्गातली मुलं… त्यांच्यापुढे काय तोंड घेऊन उभा राहू? माझ्या नावावर तेवढी एकच गोष्ट आहे गं.

लेक : काल कारखान्यातला माणूस फोनवर म्हणाला, मॅडम, मागे मांजर ओरडतंय का?

बाबा : मग?

लेक : मी हो म्हटलं.

आत्या : मांजर?

लेक : त्याला वाटायला नको, ही बाई पोर कडेवर घेऊन धंदा करते. म्हणून मांजर. त्याने नावसुद्धा विचारलं, मी सांगितलं.

बाबा : काय सांगितलंस?

लेक : ठमी.

आत्या : बापाची लेक शोभतेस! बरं, रडू नकोस आता. का हसतेयस? काय असेल ते कर, पण मला एक बघायचंय. ऊठ रे छोट्या.

बाबा : कशाला?

आत्या : ऊठ म्हणते ना. ही खुर्ची अशी धरली… आणि ही अशी फिरवली. बस आता. समोर कोण?

बाबा : भिंत.

आत्या : अरे, गाण्यात समोर कोण?

बाबा : तू.

आत्या : आणि व्हायोलिनवाले?

बाबा : मागे. …डावं-उजवंही जागच्या जागी येतं. अर्थात. मी असाच तर बसलो होतो.

लेक : थांबा, थांबा. म्हणजे दुसरी मांडणी लागतच नाही?

आत्या : कशाला लागेल? खुर्ची फिरवायला कुठली चकती लागते? ना टीव्ही, ना रिमोट, ना ओणवं होणं.

बाबा : पण लोकांना कळणार कसं, खुर्ची फिरवायची ते?

आत्या : ते मात्र सांगावं लागेल. का फिरवायची, तेही.

लेक : फोन. तोच आहे. बाबा, हिला धरा जरा… हॅलो. हो, बोला. हो, ठरलं. सुपर सीडी. दोन थरांची. नक्की… नाही, बदलणार नाही… काय? नाही, मांजर नाही ते. मुलगी आहे माझी. सात महिन्यांची. दात येतायत… हो, कालही तीच होती. …अहो, हसताय काय? …तुमच्याकडे जुळे? मग तुमच्या मागून आवाज यायचा, तो मशीनचा म्हणून सांगत होतात ते? …बरं, पुस्तिकेचं एक पान वाढेल कदाचित. एक फोटो आहे. थांबा हं, एक मिनिट विचारते. बाबा?

आत्या : छोट्या, तुला विचारतेय ती.

बाबा : दाखव बघू तो फोटो.

लेक : बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही. खरंच. नुसतं लिहू, खुर्ची फिरवा म्हणून. कारण नाही लिहिणार.

बाबा : मोठा छाप म्हणावं. आणि कडेला कापू नका, पाळणा जाईल.

लेक : हॅलो? फोटो आहे. पानभर.

आत्या : जूनमध्ये मुलांना काय सांगशील रे?

बाबा : सांगेन, वहीत लिहिलेलं वेळेवर वाचत जा. तास तेवढाच भरेल.

लेक : झालं, ठेवला फोन. फोटोखाली काय लिहू? भराभर सांगा, ही किरकिरायला लागलीय.

बाबा : लिही. ‘हे ध्वनिमिश्रण पाळण्याकडे तोंड करून केलेलं आहे. गायिका समोर हवी असल्यास खुर्ची फिरवावी.’

आत्या : ‘असल्यास’ काय? हवीच!

बाबा : असल्यास. बावीस वर्षं टाळ्या वाजवणाऱ्या मुलांचा थोडा तरी मान ठेवू दे. हिला तिथे चटईवर ठेव, भिंतीपाशी. नाही, दोन स्पीकरांच्या मधे. मला दिसेल अशी. आणि तो नमुना पुसून घे, लाळ लागलीय. चौथं लाव.

आत्या : आवाज वाढव जरा. मला मी समोरून ऐकायचीय.

बाबा : चष्मा काढ, ताई. डोळे मिटून ऐक.

आत्या : …अगंबाई. अरे, चांगली गायचे की मी!

बाबा : मी कधी नाही म्हटलं?

आत्या : व्हायोलिनवाल्यालाही फोन करावा म्हणते. संध्याकाळी. …छोट्या, पण तुझं चौथं गाणं काही चाललं नाही हो. पोर टक्क जागी आहे, तुझ्याकडे बघून हसतेय.

बाबा : हळू बोल, ताई. तिची आई झोपली.