आक्काला थांब म्हणालो आणि मी विकलं

तुमी बाजाराचं इचारलं म्हणून सांगतो, मूळचे आमी कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरी ऊस, थोडी तरकारी, आणि आई लवकर गेली म्हणून मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. माझं नाव दत्तात्रय, पण आक्का अजून दत्तूच म्हणती. तिला लासुर्ण्याला दिली, मी आयटीआय करून बारामती एमआयडीसीत लागलो, गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी, निम्मा माल परदेशात जातो. तितंच हाय मी अजून, मशीनवरच.

शेअरचं येड लावलं आमच्या एका इंजिनियर साहेबांनी, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर खातं उघडून दिलं, मग मी थोडं थोडं घेत गेलो. त्या वर्षांत बाजार नुसता वरच चालला व्हता, त्यात माझी अक्कल काय न्हवती, पण लोकांना वाटलं दत्ताभाऊला कळतं, आणि काय सांगू तुमाला, मला बी तसंच वाटाय लागलं. कँटीनमधी माणसं ताट घेऊन माझ्याच टेबलाला यायची, भाऊ, पुढं काय दिसतंय? मी टीव्हीवर ऐकलेलंच सांगायचो, पण असं सांगायचो की मला आतनं कळलंय.

आमचे दाजी साखर कारखान्यात व्हते. ते गेले, त्यांच्या फंडाचे पैसे आले, आणि आक्का म्हणाली, दत्तू, ह्यावर माझं म्हातारपण हाय, तुला बरं वाटंल ते कर. मी तिच्या नावानं खातं काढलं आणि सगळं बाजारात लावलं. सगळं. थोडं पोस्टात ठेवावं असं मनातसुद्धा आलं न्हाय.

आणि मग ते सुरू झालं. अमेरिकेनं बाहेरनं येणाऱ्या मालावर कर वाढवला, दुसरीकडं लढाई पेटली, जहाजं लांबच्या वाटेनं जाय लागली. आता कुठं अमेरिका आणि कुठं बारामती, पण आमच्या यार्डात प्लास्टिक गुंडाळलेला माल दिसाय लागला की, गाडी येईना, माल हालंना. आधी ओव्हरटाईम बंद झाला, मग एक पाळी बंद झाली. मोबाईल उघडावा तर सगळं लाल. रमेश वेल्डर माझ्या जोडीचा, पोरीच्या लग्नाचं त्यानं माझ्या शब्दावर बाजारात ठेवलेलं, तो ताट घेऊन माझ्याम्होरं येऊन बसला. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, कुणी हात लावायचा न्हाय, थांबायचं. त्याच दिवशी आक्काचा फोन, दत्तू, टीव्हीवर लई वंगाळ सांगत्यात रे, काढू का? म्हणालो, काढू नको आक्का, मी हाय न्हवं.

दुसऱ्या दिवशी गेटवर कळलं, माणसं कमी करायची यादी चाललीय. खरं का खोटं कुणाला ठाऊक, पण मी इचारायला थांबलो न्हाय. गाडी पार्किंगला लावली, हेल्मेट डोक्यातच, बाजार नुकताच उघडलेला, आणि मी उभ्या उभ्या माझं सगळं विकलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं. आत गेलो तर रमेश म्हणतो, भाऊ, तुमी काय केलं? मी म्हणालो, मी न्हाय हालत.

असं बोललो बगा मी. आक्काला फोन करायला किती येळ लागतो? पण केला न्हाय. सांगायचं काय, की मी भ्यालो? आणि त्याच्याहून वाईट सांगतो, कुणाला सांगितलं न्हाय ते. पुढचे कितीतरी दिवस मी मनात म्हणायचो, बाजार अजून पडू दे. पडला तर मी शहाणा ठरंन म्हणून. माझ्या बहिणीचं त्यात हाय हे ठाऊक असून, पडू दे.

पडला न्हाय. हळूहळू चढला. यादी काय निघाली न्हाय, माल हालला. रमेशनं पेढे आणले, माझ्या तोंडात घातले, म्हणाला, तुमच्यामुळं वाचलो. आणि आक्कानं जेवायला बोलावलं. इंदापूर रोडनं निघालो तर वाटंत दोनदा गाडी थांबवली मी, माघारी फिरावं वाटायचं. तितं गेलो तर शेजारच्या बाया बसलेल्या, आक्का त्यांना सांगतीय, माझ्या भावानं धीर दिला म्हणून माझे पैसे राहिले. बाया गेल्या, तिनं गरम भाकरी वाढली आणि मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, आक्का, मी विकलं व्हतं. तुला थांब म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी मी विकलं.

तिनं गॅस बंद केला. माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, विकलंस त्याचा राग न्हाय दत्तू. तू भ्याला व्हतास, ते मला का न्हाय सांगितलंस? मी बी भ्यालेलीच व्हते की. दोघं मिळून भ्यालो असतो.



त्याच आठवड्यात तिनं निम्मं काढून पोस्टात टाकलं, आणि मोबाईलवर बाजार कसा बघायचा ते माझ्याकडनं शिकून घेतलं. कँटीनमधी बी मी सगळ्यांदेखत सांगितलं. रमेश आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाय, आता बोलतो, पण भाऊ म्हणायचा ते दत्ता म्हणतो. म्हणू दे, तेच बरं हाय.

आता परत तसंच चाललंय. कुठं लढाई, कुठं कर, तेल वर जातंय, यार्डात परत माल दिसतोय. मी महिन्याला थोडंच टाकतो, पुन्हा पहिल्यापासनं. तुमी मघाशी इचारलं, बाजार कुठं जाईल. खरं सांगू, मला म्हाईत न्हाय, आणि हे बोलाय शिकायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. बाकी समद्यांचं भलं हू दे, त्यांच्या पोरी सुखानं नांदू देत. आक्काचा अजून दर सोमवारी फोन येतो. काढू का ठेवू, असं इचारत न्हाय ती आता. म्हणती, दत्तू, आधी तू काय केलंस ते सांग.