थर्माकोलची सुपारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या कमळ सभागृहाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख श्री. लुओंग बा तोन, मंचावर विराजमान असलेल्या विहाराच्या पूज्य भिक्षुणी, आपल्या भागाचे नगरसेवक, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती माझी मैत्रीण न्हामताई, आणि ह्यूस्टनच्या या उकाड्यात रविवारची झोप सोडून आलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गौरवपर दोन शब्द' असं छापलं आहे. मी आयुष्यभर या शहरात रसायनशास्त्र शिकवलं. बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी झाकण उघडू देत नसे. आजच्या बाटलीवर 'सत्कार' लिहिलं आहे. आत हकालपट्टी आहे.

टाळ्या नकोत. अजून मी काहीच सांगितलेलं नाही.

न्हामताईंच्या गोड स्वभावाबद्दल आत्ता तीन वक्ते बोलले. त्यांनी कोणती न्हामताई पाहिली, देव जाणे. आमची न्हामताई गोड नाही. पूर्वजांच्या वेदीसमोर उभ्या असलेल्या नवरीला तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आधी तोंडातलं च्युइंगगम थुंक, मग पूर्वजांना हाक मार." पंचवीसएक वर्षं या सभागृहातलं प्रत्येक लग्न तिने लावलं. आपल्या व्हिएतनामी मुलामुलींनी कुठून कुठून जोडीदार आणले! एका आयरिश नवरदेवाचे काका म्हणाले, आमच्या धर्मात आम्ही दुसऱ्या वेदीपुढे वाकत नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. ताई म्हणाली, "नका वाकू. सरळ उभे राहा. फक्त खिशातले हात बाहेर काढा." त्यांनी काढले. पुढे तेच काका दर नववर्षाला तिच्या घरी संत्री घेऊन येत. दोन रिवाज एकत्र नांदतात ते असे. त्यासाठी माहितीपत्रक छापावं लागत नाही.

पण माहितीपत्रक छापलं गेलं. 'दोन संस्कृती, एक सोहळा.' चकचकीत कागद, कमळाचं चित्र. या सभागृहाची नवी योजना. आणि त्या योजनेखाली पहिलं लग्न लागलं आमच्या यिएमचं. नवरा एस्तेबान, माणसं मेक्सिकोची. ती बिचारी विचारायला आली होती की मुलीच्या घरी काय काय घेऊन यायचं असतं. त्यांना इथून उत्तर मिळालं, "तुम्ही काही आणू नका. लाल ताटं आम्ही तयार देतो, तुम्ही फक्त धरून चाला."

लग्नाच्या सकाळी वराकडची मंडळी रांगेने आली. झाकण लावलेली लाल लाखेची ताटं, वर तांबडं रेशीम. फोटोवाला खूश. ताटं वेदीपुढे मांडली. यिएमची आई हाउ पुढे आली. आणि न्हामताईने रिवाजाप्रमाणे सुपारीचा घड हाताने तोडायला पहिलं झाकण उचललं. सुरी लावायची नाही, हाताने तोडायचं, अर्धं ठेवायचं, अर्धं वराच्या घरी परत पाठवायचं. इथल्या प्रत्येक सासूला हे माहीत आहे.

घड तुटेना. तुटणार कसा? थर्माकोलचा होता, आत जाड तार. वर हिरवा रंग. दुसऱ्या ताटात प्लास्टिकची सफरचंदं. तिसऱ्यात मिठाईचे रिकामे डबे, एकावर एक चिकटवलेले.

व्यवस्थापक पुढे धावले आणि हळूच म्हणाले, "ताई, नुसतं तोडल्यासारखं करा. फोटोत काही कळत नाही."

ताईचा आवाज हळू होतच नाही. ती म्हणाली, "फोटोत कळत नाही. वेदीवर बसलेल्या माझ्या पूर्वजांना कळतं. त्यांच्यापुढे काय ठेवू? पॅकिंग?"

हाउ रडायला लागली. एस्तेबानच्या माणसांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. सांगा, त्यांचं काय चुकलं होतं? विश्वास ठेवला, एवढंच ना?

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. एस्तेबानची आजी, एल्विरा. त्या पाहा, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. 'काही आणू नका' हे त्यांना पटलं नव्हतं. लग्नघरी रिकाम्या हाताने कोण जातं? त्यांनी रात्रभर खपून तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात बांधून वाफवलेले उंडे, केले होते. ते भांडं इथल्या व्यवस्थापकांनी काढून घेऊन फरशी पुसायच्या बादल्यांशेजारी ठेवलं होतं, फोटोत बरं दिसत नाही म्हणून. आजी गेल्या आणि भांडं उचलून घेऊन आल्या.

ताईने एक तमाल उघडून वास घेतला. म्हणाली, "पानात बांधलंय, वाफेवर शिजलंय, आजीने केलंय. यातलं आमच्या पूर्वजांना अनोळखी काय आहे?" लाल ताटातलं सगळं प्लास्टिक तिने काढून टाकलं, ताट पुसलं, तमाल मांडले आणि वेदीवर ठेवले. मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली. मग रिवाजाप्रमाणे अर्धे तमाल परत ताटात, परतीच्या ताटाचं ठेवतात तसं झाकण उताणं, आणि ताट आजींच्या हातात.

आजींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आवडलं नाही म्हणून परत केलं. ताईने त्यांचा हात धरला. "अहो आजी, नाकारलं असतं तर सगळं परत दिलं असतं. अर्धं आम्ही ठेवून घेतलं. आता तुमचं आमचं एका ताटातलं झालं."

मग आजीही रडल्या. पण ते रडणं वेगळं होतं.

आता यात गुन्हा कुठे आहे? मी शोधत होते. मंडळाच्या बैठकीत तो सापडला. अध्यक्षसाहेब, तुमचे शब्द मी तिथे बसून ऐकले आहेत. "पूर्वजांच्या वेदीवर मक्याचं खाणं ठेवून बाईंनी परंपरा बाटवली." थर्माकोलने बाटली नाही! प्लास्टिकने बाटली नाही! आजीच्या हातच्या खाण्याने बाटली! यिएमच्या सासरच्यांना फसवलं त्याबद्दल त्या बैठकीत कुणी शब्द काढला नाही. ठरलं काय, तर ताईंना आता विश्रांती द्यावी.

माझ्यासमोर चिठ्ठी आली आहे. 'वेळ संपली.' माझी संपली असेल. ताईची संपलेली नाही.

एक घोषणा करते आणि बसते. माझा नातू तुआन आणि त्याची नायजेरियन वाग्दत्त वधू इफेओमा यांचं लग्न याच सभागृहात ठरलं होतं. ते आता इथे होणार नाही. माझ्या गॅरेजमध्ये होईल. गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं की वेदी छान बसते. लग्न न्हामताई लावेल. इफेओमाच्या आईने आपल्याकडचे कोलाचे दाणे, त्यांच्या लग्नात सुपारीसारखे फोडून वाटतात ते, आणायचे का, म्हणून विचारलं. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "खरे असतील तर आणा म्हणावं."

आता सत्काराचं हे लाल ताट. छायाचित्रकार पुढे आले आहेतच. ताई, घेण्याआधी जरा झाकण उचल. मी मघाशी मंचावर येताना उचलून पाहिलं आहे. सवय जात नाही. हं. दाखव सगळ्यांना. तीच सफरचंदं ना? यिएमच्या लग्नातली. एकावर तर ताईच्या नखाची खूण अजून तशीच आहे.

ताई, रिवाज तुला मी काय शिकवणार? पण यातलं अर्धं ठेवून घेऊ नकोस. सगळं परत कर. अध्यक्षसाहेब, हात पुढे करा. आणि ताई, झाकण उताणं ठेव. रीत आपण मोडायची नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर वयाकडे पाहून क्षमा करावी. एल्विरा आजींनी येताना तमाल आणले आहेत. ते बाहेर माझ्या गाडीत आहेत, आणि अजून गरम आहेत.