मॅनेजरचा नमुना

पुतणी: काका, खरं सांगा. त्या दिवशी मी कापसाचा बोळा फिरवायच्या आधी तुम्ही मॅनेजरचा पापा घेतला होता का?

काका: कासवाचा पापा? मी? साठी उलटलेला माणूस आहे मी.

पुतणी: घेतला होता की नाही?

काका: एकच. धीर द्यायला. तू त्याच्या तोंडात काय काय घालणार होतीस, देव जाणे. घाबरला होता बिचारा.

पुतणी: झालं. म्हणजे तो नमुना तुमचाच. तुमची लाळ.

काका: असं कसं? तूच फोनवर म्हणालीस, कासवाचं आणि माणसाचं अक्षर न् अक्षर जुळतंय म्हणून. मी अख्ख्या इमारतीला सांगून बसलोय. खालचा न्हावी तर म्हणाला, मग त्याला मत का देता येत नाही.

पुतणी: जुळणारच ना. दोन्ही बाजूंना माणूसच होता. मीही येड्यासारखी हुरळले.

काका: पण जुळवतेस काय तू नक्की? नीट सांग बरं, म्हणजे मलाही लोकांना सांगता येईल.

पुतणी: आता लोकांना काही सांगू नका. हे बघा, आपल्या मेंदूत एक प्रथिन असतं, प्रायॉन म्हणतात. अक्षरांची माळ समजा. तिची कृती अंगातल्या प्रत्येक पेशीत लिहिलेली असते, म्हणून तोंडातला बोळाही पुरतो. ती माळ एका ठरावीक आकारात दुमडते. चुकीची दुमडली, तर शेजारच्या माळांनाही बिघडवते आणि मेंदूची चाळण होते. म्हणून मी बघतेय, माणूस, गाय, कोंबडी, बेडूक आणि कासव यांच्यात तो आकार किती सारखा आहे.

काका: कोंबडी? आमचा मॅनेजर कोंबडीच्या रांगेत?

पुतणी: सध्या तो रांगेतच नाही. आमच्या बाई म्हणाल्या, पुन्हा नमुना बिघडला तर कासव बाद. दुसऱ्या कासवाची परवानगी मिळेपर्यंत मी म्हातारी होईन. माझ्या प्रबंधाला भगदाड पडेल, काका.

काका: बरं बरं, रडू नकोस. काय करायचं ते सांग.

पुतणी: उद्या सकाळी येते. तोवर पापा नाही, मांडीवर नाही, आणि तुमच्या ताटातलं काही देऊ नका त्याला.

काका: माझ्या ताटातलं तो खातच नाही. मी त्याचं खातो.

पुतणी: काय?

काका: काकडी गं. कडू निघाली तर त्याला त्रास नको, म्हणून आधी मी चावून बघतो.

पुतणी: उद्या तुम्ही जिन्यात थांबा.

काका: मी नसलो तर तो तोंड उघडणार नाही. आमच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव उगाच नाही दिलं त्याला, काम दिसलं की मान आत. तुझी काकू गेल्यापासून तर तो फक्त माझं ऐकतो. आणि खरं सांगू का, मीही दिवसभर दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. सकाळचा पापा चुकला तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

पुतणी: बरं. मग मास्क लावून बसा आणि लांबून बोला.

काका: किती लांबून?

पुतणी: पापा पोचणार नाही इतक्या. आणि निकाल येईपर्यंत बंदच. पुन्हा नमुना लागला तर पंचाईत नको.

(काही दिवसांनी. काकांची खोली. टेबलावर लॅपटॉप, टबात मॅनेजर.)

काका: आधी निकाल सांग. तो माझ्याकडे पाठ करून बसतो हल्ली.

पुतणी: नमुना अस्सल कासवाचा निघाला. निम्म्याहून जास्त अक्षरं माणसापेक्षा वेगळी आहेत.

काका: म्हणजे नातंच तुटलं म्हण ना. आता न्हाव्याला काय तोंड दाखवू?

पुतणी: पुढचं ऐकाल का? अक्षरं वेगळी असली तरी दुमडल्यावरचा आकार बघा. ही तीन वेटोळी आणि ही सैल शेपटी. माणूस आणि मॅनेजर, दोघांना एकावर एक ठेवलंय.

काका: माणसाला शेपटी?

पुतणी: प्रथिनाला, काका. सगळ्यांच्याच प्रथिनाला असते.

काका: बरं. मग यात मॅनेजर कुठंय? मला एकच आकृती दिसतेय, आणि तीही राखाडी.

पुतणी: बाईंना रंगीबेरंगी आवडत नाही. मॅनेजर माणसाच्या खाली आहे, पार झाकला गेलाय.

काका: इथेही माणूसच वर चढून बसला. काढ त्याला बाजूला.

पुतणी: काढला.

काका: कुठे काढलास? आहे तसाच तर दिसतोय.

पुतणी: हा मॅनेजर आहे.

काका: परत लाव बघू माणूस.

पुतणी: लावला.

काका: आता काढ.

पुतणी: काढला.

काका: तुझं काम झालं ना सगळं? पुन्हा बोळा-बिळा नाही ना लागणार?

पुतणी: नाही. झालं सगळं.

काका: मग जरा तिकडे तोंड कर.