निनावी पत्र आन् आमच्या मालकांचे पाय

माझं माहेर डिंभ्याच्या वरल्या अंगाला, भातशेतीतलं, आन् सासर हितं अवसरीच्या बाजूला, बागायतीत. मालक मिलिटरीत शिपाई, वर्साची सुट्टी म्हंजी तेवढाच आमचा संसार. गावात पयला एस्टीडीचा फोन आला त्या सुमाराला ते सुट्टीवर आले, तर चालताना तोल जायचा, एका डोळ्यानं धुरकट दिसायचं. काय सांगू तुमाला, लाज वाटती सांगायला, मी रोज सांजच्याला त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. वास नसायचा. तरी वाटायचं, पित्यात आन् लपवत्यात.

मिलिटरीच्या डाक्टरलाबी आधी वाटलं, ड्यूटी टाळतोय. मंग मेंदूचा फोटो काढला तवा कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, शिरांवरचं आवरण झडतं, वायरीवरचं रबर निघाल्यावानी. कवा बरं, कवा पाय मेल्यावानी. नोकरीतनं घरी पाठवलं, आन् कागदावर लिवलं, आजार नोकरीमुळं झाल्याला न्हाई. म्हंजी अपंगाची पेन्शन न्हाई. आवो, भरती केला तवा तपासूनच घेतला व्हता ना? तेच आमी अर्जात लिवलं, परत लिवलं, त्यात वर्सं गेली.

मंग एक दिस चौकशीचा सायेब आला जीपमधनं. म्हणला, निनावी पत्र आलंय, तुमचा मानूस ढोंगी हाय. आन् नेमकं त्या दिशी मालक बरे, सकाळच्या गारव्यात दारापर्यंत चालत गेले, रामराम केला. सायेब हसला. ते हसू मला अजून दिसतं. मी म्हणलं, सायेब, दुपारपर्यंत थांबा, उन्हात ह्यांचे पाय जात्यात. थांबला बरं का. चैताचं ऊन, मालकांना एस्टीच्या थांब्यापर्यंत चालायला लावलं, आपण मागं मागं. जाताना गेले. येताना निम्म्या वाटंत पाय वळले आन् मालक खाली, लोकांच्या म्होरं प्यांट वली झाली. सायेबानंच काखंत हात घालून घरी आणलं. मान खाली घालून लिवत बसला.

जाताना इचारलं, बाई, पत्रात लिवलंय ह्यांनी बाजरीचं पोतं उचललं, खरं का? खरं व्हतं. एकदाच, बऱ्या दिसात, आन् तवा घरात मी आन् माझा धाकटा दीर, दोघंच.

मी मालकांना सांगितलं न्हाई. पुढं पेन्शन मंजूर झाली, आजार नोकरीतच वाढला ते मानलं. दीर काय वाईट न्हाई हो, सगळी शेती एकटा वढत व्हता, त्याला वाटलं आसंल, भाऊ सोंग करतोय. मी तरी तोंडाचा वास घेऊन दुसरं काय करत व्हते?

आता मालक खाटंवरच. दर रविवारी दीर येतो, भावाची दाढी करतो, लई जपून, गाल ताणून धरून. मालक डोळे मिटून घेत्यात. मी हातातलं काम टाकून दारात हुभी ऱ्हाते. का हुभी ऱ्हाते ते त्यालाबी ठाव आसंल, कदी बोलला न्हाई, मीबी न्हाई. देव त्याला सुखात ठिवो, मनापासनं म्हणते. पण वस्तरा पुसून डबीत जाईस्तवर मी तिथनं हालत न्हाई.