डावखुऱ्याची बेस गिटार

...नाही, मी म्हणतो, माणसाला चार तारा पुरत नाहीत का हो? तुम्हाला सांगतो, मी डावखुरा, वीस वर्षं मेव्हण्याची उजव्या हाताची बेस गिटार उलटी धरून वाजवतोय, बटणं येतात नेमकी कोपराखाली, ऐन गाण्यात आवाज गुल, आणि मागून आमचा ड्रमवाला बोंबलतो, "कोपर आवर, कोपर!" म्हणून म्हटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्या मापाची करून घ्यावी. मला फक्त सरळ धरून वाजवायची होती हो!

गेलो कारागिराकडे. तोंड उघडलं, तर म्हणतो, "बोलू नका, फॉर्म भरा. मी कागदावरचं करतो." आणि फॉर्म केवढा? बेचाळीस रकाने! तारा चार की पाच? लाकूड हलकं की जड? "जड घ्या, सूर लांबतो." आणि माझी पाठ? "ती तुमची तुम्ही बघा!" गिटारची मान जाड की बारीक, तारांचा आवाज पकडणारे पिकअप एक की दोन, बॅटरीवाले की बिनबॅटरीचे... अहो, मला फक्त सरळ धरून वाजवायचीय!

फॉर्म घरी आणला, ही तर घोडचूकच. बायको म्हणते, "काळी? अजिबात नाही! काळ्यावर धूळ दिसते, पुसणार कोण?" ड्रमवाला म्हणतो, "पाच तारा? तुला चार झेपत नाहीत!" झालं, मी इरेला पेटलो, पाचवर खूण केली, मग खोडली, मग पुन्हा केली... दोन महिने! दाढी करतानासुद्धा डोक्यात पिकअप! शेवटी एकेक रकाना भरला. फक्त पहिला सोडला... "हात : उजवा / डावा." म्हटलं, हे काय विचारणं झालं? मी आलोच कशासाठी?

काल पेटी आली. उघडली, तर आत गिटार... राखाडी, देखणी! छातीशी धरली, डोळे भरून आले हो... आणि कोपराला काहीतरी टोचलं.

बटणं!

फोन केला. कारागीर शांतपणे म्हणतो, "रकाना रिकामा, म्हणजे उजवा. मापाची वस्तू परत घेत नाही."

काय करणार? वाजवतोय. उलटीच. आधी चार तारा उलट्या होत्या, आता पाच आहेत... पण खरं सांगू? धूळ मात्र अजिबात दिसत नाही हं!